चोवीस मैलांवरील घर

दरवर्षी एप्रिलअखेर परीक्षा आटोपल्या, की आमच्या शुक्रवार पेठेत एका विशेष प्रकारचे पाहुणे दिसू लागतात. नवरा-बायको, बरोबर दहा-बारा वर्षांचे एखादे लाजरे मूल, हातात कापडी पिशवी, आणि जिभेवर एकच प्रश्न : "इथे कुठे दोन खोल्या भाड्याने मिळतील का हो?" मग भाडे किती, अनामत रक्कम किती, नळ सामाईक की स्वतंत्र, पाणी किती दिवसांआड येते, शाळा पायी जाण्याजोगी आहे की नाही, अशी चौकशी उन्हातान्हात दारोदार चालते. ही मंडळी अक्कलकोटहून आलेली असतात, वळसंगहून असतात, मोहोळ, मंद्रूप, वैराग येथूनही असतात. मूल पाचवीत किंवा आठवीत जावयाचे असते, आणि त्याचे कल्याण व्हावे म्हणून गावातील चांगले चार खणांचे घर बंद करून शहरात दहा बाय दहाच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटावे, असा निश्चय घरात झालेला असतो.

या निश्चयाविरुद्ध आमचे थोडेसे म्हणणे आहे, आणि ते या वार्षिकात मांडावे असे आम्ही ठरविले आहे. कारण हे अंक ज्या घरांत जातात, त्यांपैकी कित्येक घरांत हाच विचार या घटकेस चालू असेल. ज्यांचे गाव शहरापासून पाच-सहा तासांच्या अंतरावर आहे, त्यांच्याविषयी आम्ही काही बोलत नाही. त्यांना दुसरा मार्ग नसतो. पण ज्यांचे गाव तासाभराच्या वाटेवर आहे, त्यांनी केवळ शाळेसाठी घर मोडून शहरात येऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मूल सातवीपर्यंत गावच्या शाळेत शिकावे, पुढे हवे तर शहरात जाऊन-येऊन शिकावे, परंतु रात्री त्याने निजावे ते गावच्या घरी.

येथे वाचक हसतील, आणि त्यांचे हसणे रास्त आहे. हे मत मांडणारे आम्ही स्वतः शुक्रवार पेठेत राहतो. आमचे गाव अक्कलकोट. तेथील आमच्या घराला कुलूप आहे, आणि त्या कुलपाची एक किल्ली शेजारच्या अव्वांपाशी व दुसरी आमच्या मातोश्रींच्या कपाटात असते. तेव्हा आम्ही जे लिहीत आहोत, ते दुसऱ्यास शहाणपण शिकविण्याच्या आढ्यतेने नव्हे. ज्या रस्त्याने आम्ही गेलो, त्या रस्त्याला काटे कोठे आहेत ते आम्हांस ठाऊक आहे, एवढाच आमचा अधिकार.

अक्कलकोट ते सोलापूर हे अंतर जुन्या हिशेबाने चोवीस मैल, आजच्या हिशेबाने सुमारे ३८ किलोमीटर. वाटेत वळसंग लागते, मग कुंभारी, मग यंत्रमागांची खडखड ऐकू येऊ लागते आणि शहर सुरू होते. आज हा मार्ग रुंद झाला आहे, तासाच्या आत माणूस पोचतो. अक्कलकोटची वस्ती चाळीस हजारांच्या घरात; सोलापूरची २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख. एवढ्यावरून कोणास वाटेल, की धाकटे गाव थोरल्याच्या आश्रयाने वाढलेले असावे. इतिहास पाहिला तर तसे नाही. १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत परतत असता पारद गावच्या लोखंडे पाटलाचा मुलगा त्यांनी आपल्याजवळ घेतला. तोच पुढे फत्तेसिंह भोसले झाला, आणि अक्कलकोटच्या राजघराण्याची सुरुवात त्याच्यापासून. अक्कलकोट ही राजधानी होती. तिला स्वतःचे न्यायालय होते, स्वतःची तिजोरी होती. सोलापुरास किल्ला व सिद्धेश्वराचे तळे होते, पण त्याचे भाग्य उघडले ते १८६० साली आगगाडी आली तेव्हा, आणि १८७७ साली पहिली कापड गिरणी निघाली तेव्हा. पुढे लोहमार्ग १८७१ पर्यंत रायचूरला जाऊन पोचला, पण जाताना त्याने अक्कलकोट गाव टाळले. स्थानक झाले ते गावापासून दूर, आणि त्याला नाव पडले ‘अक्कलकोट रोड’. त्या नावातला ‘रोड’ हा शब्दच प्रवाशास सांगतो, की बाबा रे, गाव अजून पुढे आहे.

आमचे आजोबा संस्थानच्या दप्तरात कारकून होते. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि राजधानीची तालुक्याची जागा झाली. विलीनीकरण झाले हे योग्यच झाले. प्रजेला राज्यकारभारात मत मिळाले, त्याचे मोल फार आहे. पण आजोबा सांगत, की ज्या कागदावर पूर्वी संध्याकाळपर्यंत गावातच सही होई, तो कागद त्या सालापासून सोलापुरास जाऊ लागला, आणि कागदापाठोपाठ माणसेही जाऊ लागली. प्रथम वकील गेले. मग वकिलांची मुले शिकण्यास गेली. मग चांगला शिंपी, चांगला सोनार. तीर्थरूप मामलेदार कचेरीत नोकरीस लागले तोवर गावात ‘जरा बरे’ असे जे काही हवे असेल, ते ‘सोलापूरहून आणू’ असे म्हणण्याची रीतच पडली होती.

शहराजवळच्या गावाची खरी अडचण ती हीच. दूरच्या खेड्यात सोय नसेल तर लोक आरडाओरडा करून ती मिळवितात, किंवा आपल्या हाताने उभी करतात. शहराजवळच्या गावात सोय नसेल तर कोणी ओरडत नाही, कारण तासाभरावर सोय आहे. वाचनालयात नवे पुस्तक आले नाही, चालले, शहरात मिळते. शाळेत विज्ञानाचे शिक्षक नाहीत, चालले. ज्यांना परवडते ते मुलाला शहरात घालतात. आणि गंमत अशी, की ज्यांच्या ओरडण्याला वजन आहे, तेच प्रथम शहरात जातात. डॉक्टरांचा मुलगा, व्यापाऱ्याची मुलगी, खुद्द गुरुजींची मुले सोलापुरी शिकू लागली, की गावच्या शाळेचे छप्पर गळते हे पाहण्यास शाळेत उरतात ती ज्यांच्या आईबापांना शेतावरून सुट्टी मिळत नाही अशी मुले. आम्ही आठवीस शहरात आलो, त्या वर्षी आमच्या वर्गातील पहिल्या पाच क्रमांकांपैकी चौघे गाव सोडून गेले होते. पाचवा राहिला, तो हुशार आमच्याहून काकणभर अधिकच होता. त्याला पुढे गणित शिकविणारा कोणी उरला नाही. आज तो गावात उत्तम दुकान चालवितो, आणि आम्ही भेटलो की आम्हांला चहा पाजतो. त्या चहाची चव आम्हांस नेहमी थोडी कडवट लागते.

आता कोणी म्हणेल, की गाव सोडून शहरात येणे हीच तर प्रगती. या म्हणण्याला तोंड देताना आम्ही लबाडी करणार नाही. लहान गावाचे गोडवे गाणारे पुष्कळ लेख आम्ही वाचले आहेत, आणि ते बहुधा ज्यांना गावात विहिरीवर कोणी अडविले नाही अशांनी लिहिलेले असतात. याच अक्कलकोटच्या रस्त्यावर वळसंग गावी अस्पृश्य मानलेल्या समाजाने स्वतःसाठी वेगळी विहीर काढली, आणि १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे येऊन गेले. ती विहीर आजही तेथे आहे. आंबेडकरांनीच पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत भारतीय खेड्याविषयी जे कठोर उद्गार काढले, ते ज्यांना बोचतात त्यांनी आधी ही विहीर पाहून यावे. सोलापूरच्या गिरण्यांत जी माणसे खेड्यांतून आली, ती सारी पोटासाठीच आली असे नव्हे. कित्येकांना शहराच्या गर्दीत आपले आडनाव कोणी विचारीत नाही, हेच मोठे सुख होते. तेव्हा ज्याला गावाने छळले, त्याने गाव सोडले तर आम्ही त्याला दोष देणार नाही.

दुसरा आक्षेप आमच्या घरचाच आहे. २००९ सालच्या पावसाळ्यात एका रात्री तीर्थरूपांच्या छातीत कळ आली. गावातील डॉक्टरांनी तपासले, औषध दिले आणि एक क्षणही न दवडता सोलापुरास नेण्यास सांगितले. गाडी मिळवावी लागली. रस्ता तेव्हा अरुंद व खड्ड्यांचा. पाऊस कोसळत होता. वळसंग आले तेव्हा त्यांनी डोळे उघडून विचारले, "कुठवर आलो?" मातोश्री म्हणाल्या, "आलेच आता." ते आले नव्हते, अजून बराच रस्ता जावयाचा होता. इस्पितळाच्या दारी पोचलो तेव्हा दीड तास उलटून गेला होता. देवाच्या दयेने ते वाचले. पण परतताना मातोश्रींनी एवढेच म्हटले, "पुन्हा हा रस्ता रात्री नको." आणि महिन्याभरात अक्कलकोटच्या घराला कुलूप लागले.

त्यांच्या त्या शब्दांना आजही आमच्यापाशी उत्तर नाही. ज्या घरात दुखणाईत माणूस आहे, त्याने इस्पितळाजवळ राहावे हे उघड आहे.

पण तीर्थरूप त्यानंतर सहा वर्षे शुक्रवार पेठेत राहिले, आणि ती सहा वर्षे कशी गेली हे आम्ही पाहिले आहे. औषध वेळेवर मिळे, तपासणीस पायी जाता येई, पथ्यपाणी सर्व नीट. अक्कलकोटात मात्र ते सकाळी घरून कचेरीत निघाले, की वाटेत अकरा माणसे विचारीत, "काय अण्णा, कुठे निघालात?" कचेरीचा माणूस कचेरीस निघाला आहे हे विचारणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असे; उत्तर कोणाला नको असे. येथे पेठेत ते संध्याकाळी जिना उतरून कोपऱ्यापर्यंत जात, थोडा वेळ उभे राहत आणि परत येत. एके दिवशी आम्हांस म्हणाले, "बाळ, इथे कुणी ‘कुठे निघालात’ असे विचारीत नाही रे." आम्ही त्यावर शहरातील माणसे कामात असतात वगैरे काहीतरी बोललो. पेठेतील शेजाऱ्यांचा यात काही दोष नाही. ते सज्जन आहेत, अडीअडचणीस धावून येतात. पण साठ वर्षे ज्या गावाने एखाद्याला रोज तोच निरर्थक प्रश्न विचारला, त्या गावाची भरपाई सज्जन शेजारी सहा वर्षांत कशी करणार? २०१५ साली ते गेले. त्यांच्या प्राणांची ती सहा वर्षे शहराने आम्हांस दिली, हे आम्ही कृतज्ञतेने मानतो. त्या वर्षांत काय होते आणि काय नव्हते, हेही आम्ही विसरू शकत नाही.

मुलांचे तरी याहून वेगळे असते काय? आमचा अनुभव असा, की गावाकडून आठवी-नववीत जाऊन-येऊन शिकणारे मूल आणि तेथून उपटून शहरात लावलेले मूल यांत फरक पडतो. पहिल्याला दोन जगे मिळतात. अक्कलकोटातील पोर घरी एक भाषा बोलते, शेजारी कन्नड ऐकते, बाजारात दख्खनी उर्दू समजते. सोलापुरात आले की वर्गात पूर्व भागातील तेलुगू मित्र मिळतात. १९६७ च्या महाजन आयोगाने हा सबंध तालुका तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घालावा अशी शिफारस केली होती, यावरून तेथील बोलीचा मिश्र रंग वाचकांच्या ध्यानी येईल. ही चार भाषांची शिदोरी फुकट मिळते, आणि शहरातील दोन खोल्यांत दार लावून बसलेल्या मुलाच्या हातून ती हळूहळू निसटते. आमची कन्या याच शाळेत आठवीत आहे. तिला इंग्रजी आमच्याहून चांगले येते. पण सुट्टीत अक्कलकोटास गेलो असता शेजारच्या अव्वांनी कन्नडात काही विचारले, तर ती आमच्या तोंडाकडे पाहू लागली. त्याच वयात आम्ही अव्वांच्या ओट्यावर बसून त्यांच्या सुनेची गाऱ्हाणी कन्नडातच ऐकत होतो. (ती ऐकावयास नको होती, ही गोष्ट निराळी.)

शहराजवळचे लहान गाव कसे असावे, याचा विचार परदेशातही झाला आहे. लंडनच्या संसदेत लघुलिपीत वृत्तांत टिपणाऱ्या एबेनेझर हॉवर्ड नावाच्या गृहस्थाने १८९८ साली पुस्तक लिहून सांगितले, की महानगर फुगवीत नेण्यापेक्षा त्याच्या आसपास बत्तीस हजार वस्तीची गावे वसवावी, भोवती शेती राखावी, आणि प्रत्येक गावात स्वतःचे कारखाने, शाळा व बाजार असावेत. १९०३ साली लेचवर्थ येथे असे पहिले गाव त्यांनी वसवावयास घेतलेही. त्या कल्पनेचा कणा असा, की गाव शहराच्या जवळ असले तरी दिवसाही जागे असले पाहिजे. इंग्लंडात पुढे याच्या उलट अशी गावे पुष्कळ झाली, जेथील माणसे सकाळी गाडीने लंडनला जातात आणि रात्री केवळ निजावयास येतात. गंमत अशी, की हॉवर्डांनी सांगितलेल्या आकाराच्या जवळपास असलेले, भोवती शेते असलेले, बाजार, शाळा, कचेरी असलेले गाव आम्हांस वाडवडिलांकडून आयतेच मिळाले आहे. शिवाय त्याचे पोट सोलापुरावर अवलंबून नाही. स्वामी समर्थांच्या दर्शनास पुण्या-मुंबईहून रोज जी माणसे येतात, त्यांच्यावर गावातील कित्येक चुली पेटतात. १९८८ साली तेथे निघालेल्या अन्नछत्रात रोज हजारो लोक जेवतात. देशभरातून माणसे ज्या गावाकडे येतात, त्या गावातून आम्ही मात्र चंबूगबाळे आवरून बाहेर पडतो.

नवे गाव वसविणे किती कठीण, हे पाहावयाचे असेल तर विलायतेस जाण्याचे कारण नाही. कुंभारीस उतरावे. विडी वळणाऱ्या हजारो बाया शहराच्या पूर्व भागात भाड्याच्या खुराड्यांत राहत होत्या. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने त्यांच्यासाठी कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली, आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरे देण्यात आली. पुढे त्याच बाजूस रे नगर ही तीस हजार घरांची वसाहत निघाली. तिच्यातील पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते कामगारांना मिळाली. स्वतःच्या नावाचे घर ही आयुष्यात एकदाच घडणारी गोष्ट, आणि ती ज्या बायांनी बोटे झिजवून मिळविली त्यांना आमचा नमस्कार. पण घर झाले म्हणजे गाव होत नाही. शाळा, दवाखाना, बाजार, संध्याकाळी परतावयाची बस ही सारी घराच्या मागून एकेक करून यावी लागतात, आणि त्यांच्यासाठी पुन्हा अर्ज, मोर्चे, हेलपाटे. येथे घरे आधी झाली, आता त्यांचे गाव करावयाचे आहे. अक्कलकोटात गाव तयार आहे, घरांना कुलपे लागत आहेत.

तिसरा प्रकार म्हणजे शहरानेच गाव गिळणे. १९९२ साली सोलापूर महानगरपालिकेची हद्द वाढली, तेव्हा बाळे, शेळगी, देगाव, मजरेवाडी अशी गावे शहरात आली. त्यांना कोणी बिऱ्हाड हलविण्यास सांगितले नाही. बिऱ्हाड जागच्या जागी राहिले आणि गाव उठून गेले. अक्कलकोट दूर असल्याने या संकटातून वाचले आहे, हा त्या चोवीस मैलांचा मोठाच उपकार.

आणि सोलापूरकरांनी अक्कलकोटास धाकटे म्हणून हिणवावे, अशी स्थिती तरी कोठे उरली आहे? ज्या गिरण्यांच्या भोंग्यावर सबंध शहर उठत असे, त्या एकामागून एक बंद पडल्या. शुक्रवार पेठेतील कोणत्याही जिन्यावर चढून विचारा, थोरला मुलगा पुण्यास असतो. पहाटे हुतात्मा एक्स्प्रेस सुटते तेव्हा फलाटावर उभे राहून पाहावे; आम्ही जशी अक्कलकोटहून पिशवी घेऊन आलो, तशीच पिशवी घेऊन सोलापूरची तरुण मुले पुण्याच्या वाटेस लागलेली असतात. त्यांच्या मातापित्यांना पुण्यात दोन खोल्या पाहाव्या की नाही, हा प्रश्न पडू लागला आहे. आमच्या मातोश्रींनी जो रस्ता २००९ साली तोडला, तोच आता पेठेतील आयांपुढे आहे, फक्त तो चोवीस मैलांचा नसून अडीचशे किलोमीटरांचा आहे. आणि तितक्या अंतरावरून संध्याकाळी घरी परतण्याची सोय नाही. आम्हां अक्कलकोटकरांना ती आहे. ती आपण होऊन टाकून देणे, हे आम्हांस आता शहाणपणाचे वाटत नाही.

जाण्या-येण्याचे कष्ट आम्ही कमी लेखीत नाही. उन्हाळ्यात बसमध्ये उभे राहून येणे, पावसात ती बंद पडणे, मुलींच्या बाबतीत आईचा जीव थांब्याकडे लागून राहणे, हे सर्व खरे आहे. पण खर्चाचे गाऱ्हाणे पूर्वीइतके राहिलेले नाही. विद्यार्थ्यांना एस.टी.चा सवलतीचा पास मिळतो. ग्रामीण भागातील शाळकरी मुलींसाठी मोफत पासाची योजना आहे. मार्च २०२३ पासून सर्वच स्त्रियांना अर्धे भाडे पडते. शहरातील दोन खोल्यांच्या भाड्याचा आकडा शेजारी मांडून पालकांनी स्वतःच हिशेब करावा. भाड्यातून वाचलेल्या पैशांत गावच्या शाळेसाठी एक गणिताचा शिक्षक दहा-पंधरा घरे मिळून ठेवू शकतील, असे आम्हांस वाटते. आमच्या त्या पाचव्या क्रमांकाच्या मित्रासारखा एखादा मुलगा आजही तेथे असेलच.

मातोश्री आता एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. ज्यांनी ‘हा रस्ता रात्री नको’ म्हटले होते, त्याच गेल्या दिवाळीत घर झाडण्यास गेलो असता ओट्यावर बसून उठेनात. अव्वा म्हणाल्या, "वहिनी, वास्तू अशी बंद ठेवू नये. वाळवी येते." चौकटीला वाळवी लागलेलीच होती. परत येताना मातोश्री म्हणाल्या, "माझे जे व्हायचे ते होईल. मला तिथेच ठेव." आम्ही इस्पितळाची, रस्त्याची, त्यांच्या वयाची गोष्ट काढली. त्या म्हणाल्या, "रस्ता आता चांगला झाला आहे. तूच सांगत होतास."

घरात दोन आठवडे यावर चर्चा झाली. कन्येचा विरोध होता, आणि तिने आम्हांस सरळ विचारले, "आजीला विचारलेत, अव्वांना विचारलेत, मला कुणी विचारले का?" तिचे म्हणणे खरे होते. तिच्या मैत्रिणी येथे, तिची शिकवणी येथे. शेवटी तिने एक वर्ष पाहू असे मान्य केले, नववीचे. दहावीच्या वर्षी तिने म्हटले तर आम्ही पुन्हा विचार करावयाचा, असा लेखी करार तिने वहीच्या पानावर करून घेतला आहे, आणि त्यावर आमची सही आहे. येत्या जूनमध्ये चौकट बदलून आम्ही अक्कलकोटच्या घरी राहावयास जात आहोत. शुक्रवार पेठेतील खोल्या रिकाम्या होतील. मे महिन्यात दोन खोल्या शोधीत येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही त्या दाखवू, पण त्याआधी त्यांना बसवून घेऊन हा लेख वाचावयास देऊ.

आमच्या कन्येची एकच अट आमच्या हातची नाही, म्हणून ती येथे शाळेच्या चालकांपुढे ठेवतो. बाहेरगावची बस पाच-दहा मिनिटे उशिरा पोचली, तर मुलांच्या दैनंदिनीत लाल शाईने उशिराचा शेरा पडतो, आणि तीन शेऱ्यांनंतर पालकांना बोलावणे येते. प्रयोगशाळेचे तास व स्नेहसंमेलनाच्या तालमी शाळा सुटल्यावर ठेवल्या जातात, तेव्हा गावच्या मुलांना एक तर तालीम सोडावी लागते किंवा बस. गेल्या वर्षीच्या नाटकात बाहेरगावच्या एकाही मुलास काम नव्हते, हे या अंकातील छायाचित्र पाहणाऱ्याच्या लक्षात येणार नाही, म्हणून सांगितले. पहिल्या घंटेनंतर दहा मिनिटांची मुभा पासधारक मुलांना द्यावी, आणि तालमी मधल्या सुट्टीस जोडून घ्याव्या, एवढीच विनंती. कन्येला नाटकात काम करावयाचे आहे.